फाट्यावरचं न पुसलेलं वाक्य

मी डस्टर बोलतोय. मधेच खोकलो तर सांभाळून घ्या, पोटात खडूची भुकटी फार साठली आहे. तुम्ही शाळेत असताना माझ्या जातभाईंचा आवाज ऐकला असेल, भिंतीवर आपटल्यावर येतो तो. त्याला आमचं बोलणं समजू नका. तो आमचा मार खातानाचा आवाज असतो.

माझं घराणं मोठं आहे. मी मूळचा कोट. दहिवलीचे शशिकांत गुरुजी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि शिकवताना लोकरीचा कोट घालायचे. कर्जतच्या उकाड्यात लोकरीचा कोट कशाला, असं त्यांना सगळे विचारत. इंग्रजी शिकवणारा माणूस थोडा इंग्रजी दिसला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. ते निवृत्त झाले त्याच आठवड्यात सरोजिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्या कोटावर कात्री चालवली. बाहीच्या घड्या करून एका लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांनी ठोकल्या आणि माझा जन्म झाला. पाठीच्या कापडाचं पायपुसणं झालं. तो माझा सख्खा भाऊ आजही गुरुजींच्या दारात पडलेला असतो. तोही पुसतो आणि मीही पुसतो, पण तो पाय पुसतो आणि मी इंग्रजी पुसतो. एवढा फरक भावाभावांत असायचाच.

निवृत्त झाले तरी गुरुजींचे हात शिवशिवत होते. दहिवलीच्या पुढे कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटा लागतो. तिथून एक वाट वरच्या गावाला जाते, एक खालच्या. फाट्यावर बायजाबाईचं चहा-वड्याचं दुकान आहे, दुकानासमोर एक बाकडं आणि बाकड्याशेजारी एक मोठा फळा. फळ्याचा खालचा अर्धा भाग दोन्ही गावांच्या बातम्यांचा. कोण वारलं, दहावा कधी, पाणी कधी येणार नाही, क्रिकेटचे सामने कुठे. वरचा अर्धा भाग सुविचारांसाठी राखलेला होता, पण रोज एक सुविचार सुचेल इतके विचार कोणी करत नव्हतं. म्हणून तो रिकामाच असायचा. गुरुजींनी तो मागून घेतला.

आजूबाजूला रिसॉर्टं झाली होती. पोरापोरींना तिथे नोकऱ्या मिळत होत्या आणि पाहुणे इंग्रजीतून गरम पाणी मागत होते. तेव्हा गुरुजी रोज सकाळी सायकलवरून येत आणि एक शब्द लिहीत. शब्द साधाच असे. हात, डोकं, पाव, बटाटा. "अवघड शब्द कोशात सापडतात हो, दगा देतात ते साधे शब्द," असं ते म्हणत. शब्दाखाली त्याचा वाक्प्रचार, त्याखाली खरा अर्थ आणि शेवटी 'वाक्यात उपयोग'. वाक्य इंग्रजीतून आणि खाली त्याचं मराठी. दुसऱ्या दिवशी मी ते सगळं पुसायचो. इतकी वर्षं मी इंग्रजी खातोय, ते पचलेलं आहे असं मात्र म्हणणार नाही.

या अभ्यासात पहिला खटका उडाला तो बटाट्यावरून. 'हॉट पोटॅटो' म्हणजे कोणीच हातात घ्यायला तयार नाही असा प्रश्न, असं गुरुजींनी लिहिलं. बायजाबाई झारा घेऊन बाहेर आली.

"गुरुजी, माजं गरम बटाटं कोनाला नको हायेत? ही रांग बगा आनि मग लिवा!"

"अहो बाई, हे इंग्रजांचं मत आहे."

"मंग इंग्रजांना हिकडं वडा खायला पाठवा."

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी नुकसानभरपाई म्हणून 'ब्रेड अँड बटर' घेतला. म्हणजे पोटापाण्याचा धंदा. वाक्यात उपयोग: वडापाव हेच बायजाबाईंचं ब्रेड अँड बटर आहे. बाई खूश झाली आणि गुरुजींना एक वडा फुकट मिळाला.

गुरुजींची खोड हीच. वाक्यात नाव घालायचे ते इथल्याच माणसाचं. आणि इथल्या माणसांची खोड अशी की फळ्यावर आलं ते खरं. आमचा मनोज मिनीडोर चालवतो, तीन चाकांचा टेंपो. तो आठ वाजेपर्यंत अंथरुणात असायचा. एकदा 'अर्ली बर्ड' या वाक्प्रचाराला गुरुजींनी त्याचं नाव घातलं: मनोज रोज सहाला गाडी काढतो. दुसऱ्या दिवशी सहाला फाट्यावर माणसं उभी. त्याच्या घरी फोन गेले. "फळ्यावर लिवलंय, आनि तू झोपलास व्हय रं?" तेव्हापासून बिचारा सहाला गाडी काढतो आणि गुरुजी दिसले की आधी जांभई देतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. येसाजी हा बायजाबाईचा नवरा, वरच्या गावचा. त्याची बहीण सुंदरा खालच्या गावात हिराजीला दिलेली. म्हणजे हिराजी येसाजीचा दाजी. या दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, आणि त्याला कारण काय, तर एक रनआउट.

दोन गावांचा क्रिकेटचा अंतिम सामना होता. पहिलं बक्षीस बोकड. अंपायर येसाजी. शेवटचा चेंडू, खालच्या गावाला दोन धावा हव्यात, खेळतोय हिराजी. बरोबरी झाली तर बोकड गेल्या खेपेच्या विजेत्यांचा, म्हणजे वरच्या गावाचा. दुसरी धाव घेताना यष्ट्या उडाल्या आणि येसाजीने बोट वर केलं. सख्ख्या दाजीला आउट! वरच्या गावाने त्याच दिवशी बोकड शिजवला. वारा खालच्या गावाकडे होता. हिराजीने तो वास घेतला आणि शपथ घेतली की त्या अंपायरचं तोंड बघणार नाही. सुंदरा तेव्हापासून माहेरचा उंबरा चढली नाही. भाऊबीज आली की ती चुलीशी काहीतरी निमित्त काढून रडायची, असं बायजाबाई सांगते.

गंमत अशी की फाट्याला सावली एकच आणि बाकडंही एकच. हिराजीला रोज कामाला जायला मनोजची गाडी तिथेच धरावी लागे. येसाजी तर दुकानाचाच मालक. दोघे बाकड्याच्या दोन टोकांना बसत. एक कळंबकडे बघे, दुसरा दहिवलीकडे. अवाक्षर नाही. हिराजी तिथला चहासुद्धा पीत नसे.

आणि या दोघांच्या मधे अडकली होती नम्रता. हिराजी-सुंदराची मुलगी. रिसॉर्टमध्ये स्वागताच्या टेबलावर बसते. गुरुजींचा शब्द वाचल्याशिवाय गाडीत चढत नाही. तिचं लग्न ठरलं, मुलगा खोपोलीच्या शिळफाट्याचा. आमच्याकडे मुलीला बोहल्यावर मामा नेतो. मामाला आमंत्रण द्यायला बापाने स्वतः अक्षता घेऊन त्याच्या दारात जायचं असतं. हिराजी जाणार नाही आणि आमंत्रणाशिवाय येसाजी येणार नाही. लग्न तर आठवड्यावर आलेलं.

एक दिवस ती दुकानात आत येऊन बसली. मी तिथेच खिडकीत ऊन खात होतो.

"मामी, मामा नाय आला तर मी मांडवात एकटी चालत जाईन. पन दुसऱ्या कोनाचा हात नाय धरनार."

"असं बोलू नये गं बाय."

"मंग काय करू? बाबांना सांगितलं तर बोकड काढतात. मामाला सांगितलं तर नियम काढतो."

बायजाबाईने पिठाचे हात झटकले. पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने पिठाचा डबा पुसला. मी उगीच खिडकीत पडून राहिलो. जगातलं काहीही पुसता येतं असा मला गर्व होता. तो त्या दिवशी उतरला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. शब्द होता 'हॅचेट', म्हणजे छोटी कुऱ्हाड. 'बरी द हॅचेट', शब्दशः कुऱ्हाड पुरणे, खरा अर्थ जुनं वैर संपवणे. आता वाक्यात दोन भांडकुदळ माणसं हवीत. गुरुजी खडू हातात धरून विचारात पडले. त्यांना स्वतःशी पुटपुटायची सवय आहे, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "खरोखर भांडलेल्यांची नावं घातली तर राग यायचा. ज्यांचा आयुष्यात कोणाशी तंटा झाला नसेल अशी दोन माणसं घ्यावीत." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. बाकड्यावर दोन गृहस्थ बसलेले. इतकी वर्षं शेजारी बसतात आणि कधी आवाज नाही. इतकी शांत, समंजस माणसं गुरुजींनी उभ्या तालुक्यात पाहिली नव्हती. गुरुजी दहिवलीचे, त्यांना गावची भांडणं कुठून माहीत? स्पेलिंग चुकू नये म्हणून त्यांनी प्रत्येकाला नाव तेवढं विचारलं.

त्यात त्यांनी कुऱ्हाडीचं चित्र फार मोठं काढलं. वरचा भाग भरला आणि वाक्याचं मराठी उतरलं खालच्या भागात, बातम्यांच्या जागी. वर 'उद्या पाणी येणार नाही', खाली एका दहाव्याची सूचना आणि मधे ठळक अक्षरांत: 'येसाजी आणि हिराजी यांनी जुनं वैर विसरून अखेर समेट केला.' गुरुजींनी हात झटकले आणि सायकलवर बसून निघून गेले.

पुढे जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. मला डोळे नाहीत हे मान्य, पण पाहिलं. हिराजी उठला, वाचलं, पुन्हा वाचलं आणि मिशीला पीळ दिला. मनोजच्या गाडीत बसता बसता त्याच्या कानात म्हणाला, "नमला बग शेवटी तुमचा अंपायर. तोंडानं बोलवंना, म्हनून फळ्यावर लिवून घेतलं." गाडी गेल्यावर येसाजी उठला, वाचलं आणि आत येऊन बायकोला म्हणाला, "बगितलंस? दाजी नमला. गुरुजीला नाव सांगताना मी ऐकलं ना त्याला!"

दोघेही जिंकले होते. जिंकलेल्या माणसाचं मन किती मोठं होतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. संध्याकाळी हिराजीने परत येताना दुकानातला चहा घेतला. येसाजीने बाकड्यावरची आपली पिशवी उचलून जागा केली. येणारे जाणारे दोघांनाही म्हणत, "बरं झालं बाबा, गोड झालं." दोघेही मान डोलवत.

बायजाबाईने हे सगळं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की सकाळी गुरुजी येणार आणि हे पुसणार. तिने मला उचललं, पिठाच्या डब्यामागे कोंबलं आणि तोंडावर फडकं टाकलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कामावर गैरहजर राहिलो.

गुरुजींनी सकाळी सगळीकडे शोधलं. "बाई, डस्टर कुठे गेला?"

"शेळीनं खाल्ला असंल."

"लोकरीचा?"

"तिला चव कुठं असतीय?"

हे ऐकून मला राग आला, पण तोंडावर फडकं होतं. ओलं फडकं लावायला गुरुजी तयार होईनात. फळ्याला काळा रंग त्यांनी स्वतःच्या हाताने दिला होता, तो पाण्याने निघतो. आणि सदऱ्याच्या बाहीने पुसलं तर घरी सरोजिनीबाई आहेत. शेवटी त्यांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात 'उजळणी' लिहिलं आणि गेले. दुसऱ्या दिवशीही उजळणी, तिसऱ्या दिवशीही. सगळा फाटा कुऱ्हाडीत पारंगत झाला.

पण गाडं इथेच अडलं. येसाजी घरी वाट बघत बसला. दाजीने लिहून घेतलंय म्हणजे तो अक्षता घेऊन येणारच. हिराजी घरी वाट बघत बसला. मेव्हण्याने लिहून घेतलंय म्हणजे तो स्वतःच येऊन म्हणेल, लग्नाचं काय काम ते सांगा. कोणी कोणाकडे जाईना. बाकड्यावर मात्र दोघे एकमेकांकडे बघून मोठ्या मनाने हसत. बायजाबाई डोक्याला हात लावून म्हणाली, "ह्यांचं भांडान परवडलं."

हळदीच्या आदल्या दिवशी मनोजने घोळ घातला. त्याने गुरुजींना सहज सांगितलं, की गुरुजी, तुमच्या वाक्यातल्या त्या दोघांचं खरंच भांडण आहे, इतक्या वर्षांचं. गुरुजी पांढरे पडले. "म्हणजे मी खोटं वाक्य लिहिलं? आणि तेसुद्धा बातमीच्या जागी?" सायकल तशीच कर्जत बाजाराकडे वळवली आणि घटकाभरात नवा डस्टर घेऊन आले. निळा, स्पंजाचा, वर प्लॅस्टिकची मूठ. डब्यामागून मी त्याला बघितलं. अंगात ना लोकर, ना घराणं.

बाकड्यावर दोघेही आपापल्या टोकाला होते. गुरुजींनी नवा डस्टर वर उचलला.

"पुसू नका!"

आवाज दोन आले, पण एकदमच. दोघेही उभे होते.

हिराजी गुरुजींकडे बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. त्यानं एवढं मन मोठं करून लिवून घेतलंय."

"कोनी? मी?" येसाजी म्हणाला. "मी कशाला लिवून घेऊ? तू घेतलंस ना!"

"मी? मी मरंन पन असलं लिवून घेनार नाय!"

"अहो, कोणीच नाही," गुरुजी रडवेले झाले. "मीच लिहिलं. वाक्यात उपयोग म्हणून. तुम्ही दोघे इतके शांत बसता, मला वाटलं..."

आत कढईत वडे करपले. इतके दिवस दोघे जिंकलेले होते आणि आता दोघांच्याही हातात काही राहिलं नव्हतं. दोघे पुन्हा आपापल्या टोकाला बसले. एक कळंबकडे, दुसरा दहिवलीकडे. गुरुजींनी पुन्हा निळा डस्टर उचलला.

तेवढ्यात बायजाबाईने मला डब्यामागून खेचून काढलं. तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि मला बाकड्याच्या मधोमध आपटलं.

"नवा कशाला गुरुजी? जुना हाय. मीच लपवला व्हता. हा घ्या रं दोघं. ज्याला भांडान परत पायजे त्यानं आपल्या हातानं पुसा. कोनी पुसलं त्ये मी नम्रताला सांगते. सुंदरालाबी सांगते."

मी दोघांच्या मधे पडून राहिलो. कोणी हात लावेना. इतका नकोसा मी कधीच झालो नव्हतो, आणि त्याचा इतका आनंदही मला कधी झाला नव्हता.

हिराजी रस्त्याकडे बघत म्हणाला, "आउट नव्हतो मी."

"व्हतास."

"बॅट रेषेच्या आत व्हती."

"हवेत व्हती."

गुरुजी घाबरून एक पाऊल मागे सरकले. येसाजी माझ्या अंगावरचा एक लोकरीचा धागा काढत बसला. धागा निघाल्यावर मान खाली घालून म्हणाला, "म्हंजी... आमचा बॉलर मधी आडवा आला व्हता. मला बी नीट नाय दिसलं. बेनिफिट ऑफ डाउट द्यायला पायजे व्हता."

"काय म्हणालात?" गुरुजी पुढे धावले. "बेनिफिट ऑफ डाउट! संशयाचा फायदा! येसाजी, किती अचूक उपयोग! उद्याचा शब्द..."

"गुरुजी," बायजाबाई म्हणाली, "जरा गप ऱ्हावा."

हिराजी पहिल्यांदा येसाजीकडे वळला. "बोकड कसा व्हता रं?"

"वातड. दोन शिट्ट्या जादा दिल्या तरी शिजला नाय."

हिराजी आधी नाकातून हसला, मग खांदे हलवून हसला आणि मग शर्टाच्या खिशात हात घालून त्याने कागदाची एक पुडी काढली. पुडी घामाने मऊ झाली होती. आत अक्षता होत्या. म्हणजे इतके दिवस हा माणूस आमंत्रण खिशात घेऊनच बाकड्यावर बसत होता.

"उद्या हळद हाय," तो म्हणाला. "सुंदरा सकाळधरनं दाराकडं बगत बसंल. ये. तुज्याशिवाय पोरीला बोहल्यावर कोन नेनार?"

येसाजीने दोन्ही हात पुढे केले. अक्षता घेऊन मूठ घट्ट मिटली. मग म्हणाला, "फेटा मी कवाच आनलाय. ट्रंकेत हाय." बायजाबाईला हे माहीत नव्हतं. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि करपलेल्या वड्यांचं निमित्त करून आत पळाली. गुरुजी चष्मा पुसत होते. अंगात तो जुना कोट असता तर त्याच्या बाहीने त्यांनी डोळेही पुसले असते. ती बाही म्हणजे मीच, आणि मी बाकड्यावर होतो. मलाही रडू येत होतं, पण खडू आणि पाणी एकत्र झालं की चिखल होतो.

लग्न झालं. मामाने भाचीचा हात धरून तिला बोहल्यावर नेलं. मी गेलो नव्हतो, पण मनोजने रंगवून सांगितलं. वरात शिळफाट्याकडे निघाली ती फाट्यावरूनच. नम्रताने गाडी थांबवायला लावली आणि शालू सावरत खाली उतरली. फळ्यावर ते वाक्य तसंच होतं, गुरुजींना पुसायचा धीर होत नव्हता.

"मामी, डस्टर दे गं," ती म्हणाली. हिरव्या चुड्याच्या हाताने तिने ते वाक्य सावकाश पुसलं. "बातमी जुनी झाली गुरुजी, आता उद्याचा शब्द लिवा." मग सवयीने मला झटकायला तिने हात उचलला आणि तसाच थांबवला. न झटकता मला मामीच्या हातात दिलं आणि गाडीत बसली. मामा गाडीमागे थोडं अंतर चालत गेला.

आता फळ्याचं काम तो निळा बघतो. मी दुकानात असतो. चुलीवरचं गरम पातेलं उतरवताना बायजाबाई मला हातात धरते. नोकरी गरम आहे, पण मानाची आहे. बाकड्यावर दोघे मधोमध खेटून बसतात आणि क्रिकेटवरून इतके कडाकडा भांडतात की गुरुजींच्या हातातला खडू मोडतो. "पूर्वी किती शांत माणसं होती हो ही!" असं ते हळहळून म्हणतात.

माझी फक्त एक विनंती आहे. दिवाळीची साफसफाई आली की बायजाबाई मला साबणाच्या पाण्यात बुडवायचं म्हणते. तिला कोणीतरी समजवा. माझ्या लोकरीत त्या वाक्याचा खडू अजून आहे, मी तो खोकूनसुद्धा बाहेर येऊ दिलेला नाही. परवा वरच्या आणि खालच्या गावाचा सामना पुन्हा ठरलाय. अंपायर येसाजी आहे, आणि पहिलं बक्षीस बोकड.